भूक मारणारी पुडी

अरे, तुम्ही तो हॉल बघायला हवा होता! खुर्च्या संपल्या, माणसं खिडक्यांत चढलेली. स्टेजवर वजनकाटा, बाजूला हलकेबाबा. एकेक जण काट्यावर चढायचा, आकडा उतरलेला दिसला की टाळ्यांचा नुसता कडकडाट! बाबा डोळे मिटून म्हणायचे, "मी भूक मारत नाही रे, तुमची हाव उचलून घेतो." लोकांची हाव उचलून उचलून त्यांचं स्वतःचं पोट मात्र मांडीवर विसावलेलं!

आमची आईही बाबांनी दिलेली भूक मारणारी पुडी घ्यायची. खरंच बारीक झाली. पण तिचं गुणगुणणं थांबलं. मी काही गंमत केली तरी भिंतीकडे बघत बसायची. हलकेबाबा म्हणाले, "माया सुटतेय, शुभ लक्षण." आणि आम्ही माना डोलावल्या, बोला!

मग एका दुपारी ती गच्चीच्या कठड्यावर दिसली. पाय बाहेर सोडलेले. म्हणाली, "इथून किती सोपं आहे गं." कंबरेला मिठी मारून तिला मागे ओढलं आणि रडत रडत ताईला फोन लावला.

ताई प्रयोगशाळेत लठ्ठपणावरची औषधं शोधते. पुडी तपासून आली ती पांढरीफटक. "अगं, हे तर आमच्या कपाटात असतं! नवं औषध याच्याशी ताडून बघतो आम्ही. मेंदूत भूक पेटवणारी कुलपं असतात, हे त्यांत जाऊन अडकतं. भूक बंद. पण आनंदही त्याच कुलपांतून येतो ना! माणसं जीव द्यायला लागली, म्हणून हे औषध बाजारातून बंद केलं. मेंदूत शिरणारच नाही असं काहीतरी घडवायला आम्ही धडपडतोय, आणि हा माणूस तेच जुनं पुडीत बांधून देतोय!"

पुढच्या दरबारात ताई सरळ स्टेजवर. बाबा गुरगुरले, "पोरी, श्रद्धा नसेल तर—"

"श्रद्धा राहू द्या," ताईने माईकच ओढला. "पुडी सुरू केल्यापासून सकाळी उठावंसंच वाटत नाही, असं कोणाकोणाचं झालंय?"

मग एक हात वर आला. मग शेजारचा. मग खिडक्यांतले. मगाशी टाळ्या वाजवणारेच हात, रे! बाबांनी पहिल्यांदाच डोळे उघडले आणि मागचं दार गाठलं. तिथे ताईने आधीच बोलावलेले पोलीस उभेच होते.

ताई म्हणाली, "माया सुटली नाही तुमची, हे रसायन आहे. पुडी आजच बंद करा, डॉक्टरकडे जा, आणि कोणी एकटं राहू नका."

म्हणून सांगते, पुडीत काय आहे ते जो सांगत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका. टाळ्या नंतर वाजवा, आधी विचारा.

काल चहात साखर कमी पडली म्हणून आई माझ्यावर ओरडली. आनंदाने रडले मी. पण गच्चीच्या दाराची किल्ली अजून माझ्याच खिशात आहे.