फळ्यावरची पहिली ओळ

परदेशी चलन बदलून देणाऱ्या आपल्या दुकानातला फळा तो रोज सकाळी स्वतः लिहायचा, आणि सगळ्यात वर एका लांबच्या देशाच्या चलनाचा दर असायचा. ते चलन मागायला कोणी फिरकत नसे. पण लग्नाआधी त्याला नकार देणारी मुलगी त्याच देशात नांदते, हे बायकोला ठाऊक होतं. ती ओळ दिसली की बायकोचा जळफळाट व्हायचा.

आज तिने ओल्या फडक्याने ती पुसलीच.

"अगं, काय केलंस हे?"

"मेलं विचारतं कोण त्या नोटांना! का नोटांच्या मालकिणीसाठी लिहिता?"

तो ओशाळून हसला. "'तुमच्याकडच्या पैशाला काय किंमत,' म्हणून गेली ती. तेव्हा तिथल्या एका नोटेला आपल्या चाळीस मोजाव्या लागायच्या, आता बारा. वर्षानुवर्षं घसरतोय दर. बघून बरं वाटतं, इतकंच."

बायकोचा जीव क्षणभर थंडावला. मग लक्षात आलं, की प्रेमाने असो नाहीतर रागाने, सकाळची पहिली आठवण तिचीच!

"उद्यापासून फळा मी लिहीन," त्याच्या हातातला खडू काढून घेत ती म्हणाली. "बरं वाटून घ्यायचं असेल, तर माझ्याकडे बघा."