रस्त्याकडे बघणाऱ्या खाचा

नकाशेवाल्याने सव्वीस वर्षं लोकांची घरं कागदावर काढून दिली, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतलं की आता एक घर स्वतःचं. तेही लाकडाचं, स्वतःच्या हाताने, एकही खिळा न मारता. बहुतेकांच्या मनाने घेतलेलं रविवार संपेपर्यंत उतरतं. याचं तीन वर्षं उतरलं नाही.

तळमजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्यातल्या बाहेरच्या खोलीत तुळया आल्या आणि सोफा गेला. एका तुळईचं टोक खिडकीतून बाहेर राहायचं, त्यावर शेजारणीचं मांजर बसायचं. पाहुणे तुळईवर बसायचे आणि उठताना मागून झटकून घ्यायचे. चहावर भुसा तरंगायचा. "साय समजून प्या," असं बायको पाहुण्यांना सांगायची.

बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. बोलायला कमी, पण कामाला पक्की. प्लेटवर डावं-उजवं लिहिल्याशिवाय तिने आजवर कुणाचं हाड टिपलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिने त्याला एकदाच सांगितलं होतं, "अहो, तुम्हीही खांबांवर डावं-उजवं लिहीत जा." तेव्हा तो हसला होता. सव्वीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाने जसं हसावं, तसंच.

तिसऱ्या पावसाळ्यात मात्र तिने कॅलेंडर काढलं आणि एका रविवारभोवती गोल केला.

"या तारखेला पहिली चौकट उभी राहिली तर मी तुमच्या घरात येईन. उन्हात, वाऱ्यात, छप्पर नसलं तरी येईन. नाही राहिली, तर लाकूड तरी जाईल नाहीतर मी तरी. कोण जाणार ते तुम्ही ठरवा."

ती मोजून बोलणारी बाई होती. तेव्हा ठरवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी घरासाठी घेतलेल्या जागेवर बारा माणसं जमली. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, ऑफिसातले चौघे, एक चुलतभाऊ पोरांसकट, आणि जे येऊ नयेत असं वाटत होतं ते सगळे. बायकोचा भाऊ पेशाने सुतार. त्याला लाकडाला हात लावायची तीन वर्षं मनाई होती. आज तोंड चालवायची परवानगी मिळाली होती, म्हणून हात पाठीमागे बांधून तो हुकूम सोडत होता.

जागा अशी उतरती, की चारही कोपऱ्यांना जमीन वेगळी. म्हणून प्रत्येक खांबाची लांबी वेगळी, आणि प्रत्येकाची जागा एकच. रस्त्याकडच्या बाजूची ही पहिली चौकट, म्हणजे त्या भिंतीचा सांगाडा. पाय रस्त्याकडे आणि डोकं आत, अशी ती आडवी पडली होती. खांबांत कोरलेल्या खाचा आकाशाकडे बघत होत्या. पुढे याच खाचांत आडव्या तुळयांची टोकं बसणार आणि घराला खोली येणार. ऊन पडून त्या इतक्या सुरेख दिसत होत्या, की दोघातिघांनी फोटोही काढले. आकाशाकडे बघणाऱ्या खाचा चौकट उभी राहिल्यावर कुठे बघतील, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

"हां, घ्या!" सुतार ओरडला. "डॉक्टर, दात-ओठ खायचे! नुसते दुसऱ्यांचे बघू नका!"

चौकट छातीपर्यंत आली, मग डोक्यावर. मग लांब वासे लावून ढकलणं. मधला वासा नकाशेवाल्याच्या हातात होता, कारण ते घर त्याचं होतं.

"अहो, ही मुळापासून हलतेय," डॉक्टर म्हणाला. "आमच्यात असलं काढून टाकतात."

"डॉक्टर, तोंड बंद. थोडं अजून... अजून... थांबा! उभी आहे!"

उभी राहिली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी. तशी तिथे तीन लहान पोरं होती.

नकाशेवाल्याने वर पाहिलं. तो घराच्या आतल्या बाजूला उभा होता. समोरच्या खांबात, डोक्याच्या जरा वर, खाच असायला हवी होती. तिथे गुळगुळीत लाकूड होतं. त्याने स्वतः आठवडाभर रंधा मारून गुळगुळीत केलेलं. दुसऱ्या खांबाकडे पाहिलं. तिथेही नुसती पाठ.

त्याला चूक लगेच कळली, कारण ती पूर्णपणे त्याची होती. तीन वर्षं तो मनाने या घराच्या आत राहत होता. नकाशाही आत उभं राहून काढला, आणि लाकूड कापलं ते बाहेर उभं राहून; आतलं डावं बाहेरून उजवं झालं. लांब खांब उताराला ठेवला, की खाचा बाहेर. खाचा आत वळवल्या, की लांब खांब चढाला. आणि सगळ्या चौकटी त्याने त्याच एका निष्ठेने कापल्या होत्या.

सुतार जवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, या खाचा रस्त्याकडे का बघतायत?"

"मला दिसतंय."

"फिरवून चालणार नाही. मागची पुढे आणूनही नाही. लांबी जुळत नाही कुठेच."

"मला माहीत आहे."

"मग उतरवायची की दोर बांधायचा? चढवताना बारा पुरले. उतरवायला हे बारा थकलेत."

नकाशेवाल्याने हातातला वासा सोडावा, तर चौकट आत येईल. ढकलावा, तर रस्त्यावर जाईल. त्याच्या दंडाला मुंग्या आल्या होत्या आणि नाकाला खाज सुटली होती.

"अहो, किती वेळ?" डॉक्टरने विचारलं.

"जरा," नकाशेवाला म्हणाला.

बायको रस्त्याच्या बाजूला उभी होती. तिने एक खाच पाहिली, मग दुसरी. खांबाचा पायथा पाहिला, उतार पाहिला. एक्स-रे उजेडाला धरून बघावा, तशी मान तिरकी करून सगळं पाहिलं. तीन वर्षं जेवताना, झोपताना हेच ऐकलेली बाई ती. खाच असते तिकडे घर असतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

मग तिने हिरवळीवरची प्लास्टिकची खुर्ची उचलली, रस्त्यावर नेऊन ठेवली, आणि चौकटीकडे तोंड करून बसली.

"अगं, तिथे कुठे?" तो आतून म्हणाला.

"उभी राहिली तर येईन म्हटलं होतं," ती म्हणाली. "आले."

मागून घंटी वाजली. एक सायकलवाला आला, खुर्चीला वळसा घालून त्यांच्या बैठकीच्या खोलीतून निघून गेला.

"दाजी," सुतार म्हणाला, "काय ते सांगा. यांचे हात थरथरतायत."

नकाशेवाल्याने तोंड उघडलं. दोर म्हणायचं की उतरवा, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि तीही, रस्त्यावरून, अगदी शांतपणे. त्याने वासा आणखी घट्ट धरला.