गोंदाने चिकटवलेला प्लग

मी स्पार्क प्लग बोलतोय. माझे दोन तुकडे झालेत, पण बोलायची खोड गेलेली नाही. स्वभावाने मी पक्का संशयी. दुकानातल्या खोक्यात होतो तेव्हासुद्धा शेजारच्या प्लगवर माझी नजर असायची. माझ्याआधी यालाच कोणी उचललं तर?

मला विकत घेतलं ताईने. धुतलेले कपडे घरोघर पोचवायची तिची व्हॅन होती. तिचा धाकटा भाऊ मेकॅनिक. त्यानेच मला इंजिनात बसवलं. ताई शेजारी उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती.

"जुनाच पुसून लावत नाहीस ना रे?"

सख्ख्या भावालाही न सोडणारी ही बाई मला लगेच आवडली.

पुढे मी इमानाने ठिणग्या टाकल्या. कौतुक कोणी केलं नाही. मग एका दुपारी दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, हुक्की आली. "एवढ्याशा कामाला मेव्हणा कशाला?" म्हणत त्यांनी तापलेल्या इंजिनात पाना घातला. इंजिन तापलेलं असताना माझे आटे घट्ट धरलेले असतात, पण स्वारीला धीर कुठला. पाना तिरका झाला, माझ्या कडा झिजल्या आणि चिनी मातीची मान कटकन मोडली. दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. घरातून गोंदाची नळी आणली, मान चिकटवली, वर रबरी टोपी चढवली आणि शीळ घालत हात धुतले.

व्हॅन झटके देऊ लागली तेव्हा भावाला बोलावणं गेलं. त्याने टोपी ओढली तशी माझी मान त्याच्या हातात आली.

"प्लग मोडलास ना?" ताई भावाला म्हणाली. "मला वाटतच होतं."

भावाने तुकडा उजेडात धरला. गोंदाची पिवळी रेघ त्याला दिसली. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी स्वतःच्या चपला निरखत होते.

"हो ताई, जोर जरा जास्त लागला."

मला तिथेच शंका आली. फुकट खोटं कोण बोलतं? दाजींकडून याला काहीतरी उकळायचं असणार.

इंजिन गार होईपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. मग आट्यांत तेल सोडून, उलट्या आट्याचं हत्यार माझ्या पोटात ठोकून त्याने मला घाम गाळत बाहेर काढलं. ताईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नवा प्लग बसवून तो निघून गेला.

भावाचं गाऱ्हाणं सांगताना आईला दाखवायला म्हणून ताईने माझे तुकडे ठेवून घेतले. पुसताना तिने ते जुळवून पाहिले, आणि तिलाही रेघ दिसली. गोंदाची नळी घरात कोण वापरतं हे तिला ठाऊक होतं. तिने भावाला फोन लावला.

"खोटं का बोललास?"

"दाजींवर चिडलीस तर महिनाभर अबोला धरशील, ताई. माझ्यावर चिडलीस तरी दोन दिवसांत बोलायला येतेसच."

ताईला रडू आवरेना.

आता मी खिडकीत पडून आहे. भंगारवाला येईल तेव्हा जाईन. त्या भावाला यात काय मिळालं, ते मी अजून शोधतोय. मला काही सापडत नाही. तुम्हाला कळलं असेल तर मी जायच्या आत सांगून जा.