दाराखालचा लाल उजेड

“लोकं इथी लाइट लावाले येते, भाऊ. तुमी बंद कराले आले?”

राजदीपनं लॅपटॉप उघडून चालू केला तशी त्याची सगळी बटणं आतून लाल झाली. “एवढी फक्कड लाइट हाये. कॉलेजातले पोट्टे हिच्यासाठी जीव टाकते.”

“कायमची बंद पायजे,” रामाजी म्हणाले.

सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर राजदीपचं दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल आणि त्याच्यामागे राजदीप. गिऱ्हाइकानं स्टुलावर बसायचं आणि आपले पाय रस्त्यावर ठेवायचे. रामाजी तसेच बसले होते. लॅपटॉप ज्यात गुंडाळून आणला होता ते बायकोचं जुनं पातळ त्यांनी घडी करून मांडीवर धरलं होतं. कुणी पळवून नेईल असं काही त्यात नव्हतं, पण रामाजींची पकड सुटत नव्हती.

रामाजी उंदिरवाडे यांचं आयुष्य पाखरं हाकलण्यात गेलं. भात संशोधन केंद्राच्या बांध्यांवर, म्हणजे धानाच्या वाफ्यांवर, मचाणावर बसायचं आणि दोरी ओढून डबे वाजवायचे, हे त्यांचं काम. साहेब लोक धानाचं वजन करत, रामाजी त्या धानाला तोपर्यंत जिवंत ठेवत. डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांचा भरवसा. पोपटांचा थवा उडताना कलकल करतो, त्याची भीती नाही. कलकल एकदम थांबली की समजायचं, तो दाण्यावर बसला. मग दोरी ओढायची. इतकी वर्षं सरकारी खर्चानं आवाज केलेला हा माणूस घरात मात्र इतका कमी बोले, की केसरबाईंना त्याच्या वाटणीचंही बोलावं लागे.

दोघांची दोन मुलं, कुलदीप आणि हर्षा. दोघांनाही सिकलसेल. आईबापाच्या रक्तात तो आजार अर्धा अर्धा, त्यामुळे त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. लग्नाआधी रक्त तपासायचं असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दोघांनी आपापलं अर्धं दिलं आणि मुलांच्या नावावर पूर्ण जमा झालं. त्यातून थंडी पडली की हाडांत कळा सुरू होत.

कुलदीपनं घरातल्या पुढच्या खोलीत ऑनलाइन सेंटर टाकलं होतं. सातबारा, जातीचे दाखले, भरतीचे फॉर्म. नागपूरच्या एका गेम खेळणाऱ्या मुलाकडून त्यानं हा लाल बटणांचा लॅपटॉप घेतला होता. कळा उठल्या की त्याला झोप येत नसे. मग घरातला दिवा न लावता तो याच उजेडात लोकांचे राहिलेले फॉर्म भरत बसे. आईबाप बाहेर सपरीत, म्हणजे पडवीत, झोपत. दाराच्या खालून लाल रेघ दिसली की समजायचं, पोराचं दुखतं आहे. रेघ विझली की समजायचं, झोप लागली. यावर घरात कधी बोलणं झालं नाही, पण नियम ठरून गेला होता.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात एकदा ती रेघ लवकर विझली. रामाजी बायकोला म्हणाले, “झोपला. तूबी झोप.” आणि बऱ्याच दिवसांनी दोघांना गाढ झोप लागली. सकाळी दार हर्षानं उघडलं.

सेंटर आता हर्षा चालवते. तलाठ्याच्या परीक्षेचाही तिचा अभ्यास सुरू आहे. दुखायला लागलं की ती पडल्या पडल्या, कानात वायर घालून, शिकवण्या ऐकते. स्क्रीन पार काळी करून ठेवते, पण बटणांचं काय करणार? हात लागला की ती पेटतातच. दाराखाली लाल रेघ पुन्हा दिसू लागली.

रेघ दिसली की केसरबाई उठत. पोरीला शेकायला म्हणून चुलीवर पाणी ठेवत आणि गरम पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन दाराबाहेर बसून राहत. दार वाजवत नसत, पोरगी चिडते म्हणून. पाणी निवलं की पुन्हा तापवायचं, पुन्हा येऊन बसायचं. आठवड्यापूर्वी त्या चुलीजवळ चक्कर येऊन पडल्या. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

त्यानंतर हर्षानं हा लॅपटॉप पातळात गुंडाळून बापाच्या हातात दिला. “बटनांचा उजेड डोळ्याले लागते म्हनून सांगजा, बाबा. कायमचा बंद करून आना. आईले नोका सांगू.” डोळ्यांचं कारण रामाजींना पटलं. घरच्या माणसानं दिलेलं कारण तपासून पाहायचं असतं, हे त्यांना कुठल्याच साहेबानं शिकवलं नव्हतं.

“डोळ्याले लागते तिच्या,” त्यांनी राजदीपला तेच सांगितलं.

राजदीपनं वरच्या ओळीतलं एक बटण दाबलं. लाली गेली. “हे पाहा. एवढंच हाये. हर्षाताईले हे माहीत नसन का? ते दुसऱ्याइले शिकवते.” मग त्यानं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. बटणं पुन्हा लाल. “आता समजलं. याची सेटिंग टिकत नाई. दर वेळी आठवनीनं बंद करा लागते.”

रामाजींच्या मनात डोळ्यांचं कारण तिथंच गळून पडलं. कळा हाडं फोडून काढत असताना कुठलं बटण आठवणार? आणि उजेड लपवायचा तो कुणापासून, हेही त्यांना समजलं.

राजदीपचं तोंड चालूच होतं. “पन एवढं टेन्शनचं काम नाई, भाऊ. हे काई सारखी जळत नाई. हात फिरत राह्यला तं पेटून राह्यते. हात थांबला का थोड्या वेळानं आपोआप विझते.”

“आपोआप?”

“हो.”

“कोनी बंद नाई केली तरी?”

“हात नाई, तं उजेड नाई. मशीनले काय समजते भाऊ, मानूस झोपला का…”

राजदीप थांबला. तो तोंडाळ खरा, पण कुलदीपच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. त्यानं उगीचच पेचकस उचलला आणि परत ठेवला.

रामाजी रस्त्याकडे बघत होते. मूल गावाला जाणारी बस लागली, माणसं चढली, बस गेली. रेघ लवकर विझली होती, आणि ते म्हणाले होते, झोपला.

“राहू द्या ना मंग, भाऊ,” राजदीप आवाज उतरवून म्हणाला. “पोरगी जागी हाये, एवढं तरी तुमाले समजते. हे काढली तं काईच दिसनार नाई.”

रामाजींनी मांडीवरच्या पातळाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. हो म्हटलं असतं तर लॅपटॉप जसा आणला तसा घरी गेला असता. दाराखाली रेघ राहिली असती, आणि रेघेसमोर भाजलेल्या हातानं गंज धरून केसरबाई.

“काढून टाका,” ते म्हणाले. “तिचं दुखनं तिचं हाये, राजदीप. तिले लपवा वाटते, तं लपवू द्या.”

राजदीपनं लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढले. आत कागदासारख्या दोन पट्ट्या होत्या. रुंद पट्टी बटणांची, अरुंद पट्टी उजेडाची. अरुंद पट्टी त्यानं चिमट्यानं ओढून सोडवली, तिच्या टोकाला चिकटपट्टी लावली आणि झाकण बसवलं. एवढ्यानं झालं. चालू केल्यावर बटणं काळी होती. बंद करून पुन्हा चालू केल्यावरही काळीच राहिली.

तपासायला म्हणून त्यानं सगळ्या बटणांवरून बोटं फिरवली. शेवटचं लांब बटण दाबलं तेव्हा खट्ट असा आवाज झाला. शेजारचा चहावाला वळून बघण्याइतका.

“हे स्पेसचं बटन लय वाजते. खालची क्लिप सुटली हाये. बसा, हेबी करून देतो.”

हा आवाज रामाजींच्या ओळखीचा होता. सपरीत पडल्या पडल्या तो कितीदा कानावर आला होता, पण सगळं लक्ष त्या रेघेकडे असायचं.

“शिकवनी आयकताना हेच दाबते का ते?”

“हेच. थांबवाले हेच, चालू कराले हेच.”

राजदीप क्लिप शोधायला वाकला. वर पाहतो तो रामाजींनी लॅपटॉपवर तळहात ठेवला होता.

“राहू द्या,” ते म्हणाले.

“अजी, आत्ता होते. आवाजानं पोरगी वैतागत असन.”

“राहू द्या म्हनलं ना.”

राजदीपनं त्यांच्याकडे बघितलं. मग लॅपटॉप मिटून त्यांच्यापुढे सरकवला.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता आणि गावातली लाइट गेलेली होती. हर्षानं लॅपटॉप चालू केला, काळी बटणं बघितली आणि तिचा चेहरा सैल झाला. मग लांब बटण दाबलं. खट्ट.

“हे नाई केलं का त्यानं?”

“मशीन जुनी हाये म्हने. नाई होत.”

रामाजी आयुष्यात फार कमी वेळा खोटं बोललेले. सवय नसल्यानं ते दाराच्या कडीकडे बघून बोलले. हर्षानंही काही क्षण कडीकडेच पाहिलं. सुटलेली क्लिप दोन मिनिटांत बसते हे तिला ठाऊक असणार. पण लॅपटॉप काखेत घेऊन ती कमरेवर हात दाबत आत गेली आणि दार लोटून घेतलं.

केसरबाई पट्टी बांधलेला हात छातीशी धरून सपरीत आल्या. त्यांनी आधी दाराच्या खाली बघितलं. अंधार होता.

“झोपली वाट्टे,” त्या म्हणाल्या.

“हो,” रामाजी म्हणाले. “तूबी टेक जराशी.”

हे दुसरं खोटं. एकाच दिवसात दोन. केसरबाई भिंतीला टेकल्या आणि थोड्याच वेळात त्यांची मान कलंडली. रामाजींनी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांनी भरलेलं सूप ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून सोलायला बसले.

आतून खट्ट झालं. त्यांनी एक शेंग सोलली.

पुन्हा खट्ट. दाणे सुपात पडले. त्यांनी दुसरी उचलली.

अंगणातल्या चिंचेवर पाखरं कलकलत होती, ती हळूहळू गप्प झाली. आत बराच वेळ काहीच वाजलं नाही. रामाजींनी मान वळवून कान दाराला लावला. हातातली शेंग तशीच राहिली.