सात नंबरच्या नऊ पेट्या

दगडमामांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. तरी तेलक्षेत्रावरच्या त्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल टाकताच त्यांची छाती दोन बोटं फुगली. वास अगदी तोच! दगड, जुनं तेल आणि धूळ. मांडण्यांवर शेकडो पेट्या, त्यांत जमिनीच्या पोटातून कापून आणलेले दगडाचे गोल दांडके, आणि प्रत्येक पेटीवर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, दगड किती मीटर खोलीवरचा ते.

"या मामा, या!" तरुण इंजिनिअरबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "उद्या रिपोर्ट जातोय. म्हटलं, त्याआधी तुमच्या पेट्यांसोबत तुमचा एक फोटो तरी काढू."

"कसला रिपोर्ट, मॅडम?"

"क्षेत्र बंद करायचा." तिचा आवाज खाली आला. "वरच्या वाळूत तेल आहे हो अजून! खालच्या वाळूत पाणी सोडून ते ढकलता आलं असतं. पण सात नंबरच्या विहिरीत दोन्हींच्या मधोमध चिकणमातीचा थर आडवा पडलाय. पाणी वर जाणार कसं?"

सात नंबर! मामांची नजर मांडणीवरच्या त्या नऊ पेट्यांवर गेली.

"गंमत म्हणजे तुमच्या पेट्यांत तो थर एक नंबरच्या पेटीत आहे, आणि विहिरीत सोडलेल्या यंत्राची जुनी नोंद तो आठ मीटर खाली दाखवते. पण मी म्हटलं, यंत्र चुकेल, दगडमामा चुकणार नाहीत!"

झालं! मामा मटकन स्टुलावर बसले.

काय दिवस होता तो! मामा तेव्हा पंचविशीतले, मिशी नुकती राखलेली. सात नंबरमधून नऊ मीटर दगड भरलेली पोलादी नळी वर आली, मीटरला एक अशा नऊ पेट्यांचा ऐवज, आणि त्याच क्षणी शेजारच्या विहिरीने तेल दिलं. क्षेत्रातलं पहिलंवहिलं तेल! ड्रिलर टोपी उडवत नाचला, स्वयंपाकी हातातल्या पळीसकट धावत आला, तेव्हाच्या साहेबांनी तर मामांना उचलून गरगर फिरवलं. त्या धुंदीतच मामा नळी रिकामी करायला बसले आणि एक नंबरच्या पेटीपासून भरत सुटले. खरं तर नळीतून आधी निघतो तो सगळ्यात खालचा दगड, म्हणून भरायचं शेवटच्या पेटीपासून. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तोवर साहेबांची सही होऊन गेली होती. नवी नोकरी, नवं लग्न. मामांनी तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

"मामा, जरा हसा ना!" इंजिनिअरबाई मोबाइल धरून उभी होती.

"पोरी, फोटो राहू दे. या नऊ पेट्या मी उलट्या लावल्यात."

ती आधी हसली. मग मामांचा चेहरा बघून तिने मोबाइल खाली घेतला. मामांनी सगळं सांगितलं, एका दमात. तिने भिंग काढलं, पेट्यांवर ओणवी झाली, लॅपटॉपकडे पळाली.

"म्हणजे माती मधे नाहीच? तळाला आहे? वरची आणि खालची वाळू एकच?"

"एकच."

"अहो मामा! मग पाणी वर जाईल की!" तिला नाचावं की रडावं कळेना. तिने तडक आताच्या साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

"रिपोर्ट थांबवतो," साहेब म्हणाले. "पण हा घोळ घातला कोणी?"

"सर, खूप जुनी नोंद आहे, आता कोण ते..."

मामांनी तिच्या हातातून फोन घेतला. "साहेब, मी. दगडमामा."

"मामा, मग तुमच्या बाकीच्या दोन हजार पेट्यांवर भरवसा कसा ठेवायचा? सगळ्या तपासाव्या लागतील."

ते मामांच्या जिव्हारी लागलं. एकेक पेटी त्यांनी लेकरासारखी जपली होती.

"तपासा, साहेब. तपासायलाच हव्यात. मीही येतो."

फोन ठेवून ते इंजिनिअरबाईकडे वळले. "उद्या जुने कपडे घालून ये. आणि लवकर ये, तुम्हा आजकालच्या लोकांसारखी दहाला नको!"