पांढऱ्या डोंगराचं तिकीट

गिरजाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिकीट वाचता येत होतं. पोस्टमन किसनसिंग ओट्यावर बसून चंपतचं पत्र मोठ्यानं वाचायचा, तेव्हा पाकीट तिच्या हातात असायचं. त्यावर डोंगर, डोंगराच्या डोक्यावर पांढरं, आणि कोपऱ्यात टिकलीएवढा राजा. रेल्वेच्या कामावर आफ्रिकेला गेलेला आपला लेक या डोंगराच्या पायथ्याशीच राहतो, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. एकदा तिकिटावर तळं आलं, तर पोराला पाणी जवळ झालं म्हणून बाई दिवसभर खूश. आता हिला कोण समजावणार?

नवरा नथ्थू, त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोंगर आहे ना, पांढरं किती आहे, असं तो दरवेळी विचारायचा आणि ती सांगायची. तेवढ्यावर दोघांचे चार-पाच महिने निघायचे.

वाशीमच्या वेशीबाहेर त्यांचा वांग्या-मेथीचा मळा होता. मोट आता गिरजाबाईच हाकायची, आणि कंबर पार गेली होती. शेजारचा जगदेव चार वर्षं मळा बटईनं, निम्म्या वाट्यावर कसायला मागत होता. चार वर्षं नथ्थूचं एकच उत्तर, चंपत आला की त्याच्या हाती देईन.

या खेपेचं पत्र लहानसंच होतं. लढाईमुळे जहाजं बंद आहेत, आफ्रिकेतच अडकलो, येणं जमत नाही, काळजी नसावी. किसनसिंग घाईत होता. वाचलं आणि गेला.

गिरजाबाई पाकिटाकडे बघत राहिली. डोंगर नव्हता, तळंही नव्हतं. नुसता राजा, तिकीटभर. मंगरूळपीरहून लेक प्रयागबाईची पाकिटं येतात, त्यांवर असतो तसा. तिनं आतून त्यातलं एक आणून शेजारी धरलं. तोच राजा. म्हणजे जहाज कधीच आलं होतं. पोरगा याच मुलखात कुठंतरी जेवत होता, झोपत होता, फक्त घरी यायचं नव्हतं त्याला. तिला रडू आलं नाही. इतक्या वर्षांचा शीण तेवढा एकदम अंगावर आला, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

"डोंगर हाय ना व?" नथ्थूनं विचारलं.

"हाय," ती म्हणाली. मग पाकीट बाजूला ठेवून, "जगदेवले सांगून द्या, मळा घेऊन टाक म्हना. माह्याच्यानं आता होत नाई."

पांढरं किती आहे, हे या खेपेला नथ्थूनं विचारलं नाही. सांगतो म्हणाला, आणि उठायला काठी चाचपू लागला.