भिंतीवरची मुंगी

मुंगीचा राग नाकावर असतो हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं नावच त्यावरून पडलेलं. दोन वर्षांची असताना इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरांच्या मनगटाला ती कडकडून चावली होती, आणि तेव्हापासून ती आईची मुंगी झाली. घराबाहेर हे नाव कुणाला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांची कॉलेजात जाणारी मुलगी, घरी मला मुंगी म्हणतात, असं चारचौघांत कशाला सांगेल? वडील वेगळे राहायला गेले तेव्हापासून तर त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं.

म्हणून त्या दुपारी आईच्या ऑफिसात रिसेप्शनवरची मुलगी तिच्याकडे डोळे फाडून बघत "अय्या, मुंगी!" असं ओरडली, तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्या मागे कुणीतरी उभं आहे.

ती फक्त चष्मा द्यायला आली होती. आई सकाळी घाईघाईत दूरचा चष्मा लावून गेली होती आणि जवळचा फ्रिजवर राहिला होता. छपाईची पानं मांडणाऱ्या माणसाला जवळचा चष्मा नसेल तर त्याने घरी बसलेलं बरं. आईने आयुष्यभर शाळेच्या पुस्तकांची पानं मांडली होती, भूगोलाचे नकाशे आणि गणिताच्या चौकटी. मग ती छपाई कंपनी बंद पडली, आई बरेच महिने घरात बसली, कपाटं पुन्हा पुन्हा आवरत राहिली, आणि एक दिवस पेढा मिळालेल्या पोरासारख्या चेहऱ्याने घरी आली. शहरातल्या तरुण मुलांसाठी संगीताचं एक नवं मासिक निघणार होतं आणि त्याची सगळी मांडणी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आई करणार होती. मुंगीला तेव्हा आनंद झाला होता. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला होता. तो तिने बोलून दाखवला नाही, पण त्या रात्री भांडी तिने घासली.

"आत ये ना, सगळे केवढे खूश होतील!" असं म्हणत रिसेप्शनवालीने तिला हाताला धरूनच नेलं.

आत काचेची एक मोठी खोली होती. लांब टेबल, त्यावर कागदांचा पसारा, अर्धवट प्यालेले कॉफीचे कप, आणि टेबलाभोवती मुंगीहून जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठी असलेली माणसं. टेबलाच्या टोकाला त्या सगळ्यांची मावशी शोभेल अशी तिची आई. आणि आईच्या मागे, अख्ख्या भिंतीवर, मुंगी.

फोटो आईनेच काढलेला होता. बाल्कनीत, कानात हेडफोन, डोळे मिटलेले. आपला फोटो कुणी काढतंय हे त्या फोटोतल्या मुलीला माहीतच नव्हतं. वर ठळक अक्षरांत 'आपली वाचक' आणि खाली 'मुंगी'. त्याखाली आईच्या ओळखीच्या नीटस हस्ताक्षरात एकेक ओळ.

'बोलण्यापेक्षा ऐकणं तिला सोपं वाटतं.'

'एक गाणं आवडलं की आठवडाभर तेच.'

'जिवलग मैत्रीण दुरावली. जेवतानाही हेडफोन काढत नाही.'

'बाथरूममध्ये नळ सोडून गाते. कुणी ऐकलेलं तिला चालत नाही.'

'वडिलांचा फोन आला की गाण्याचा आवाज वाढवते.'

या शेवटच्या ओळीच्या शेजारी कुणीतरी पिवळी चिठ्ठी डकवली होती. तिच्यावर वेगळ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'हेडफोनवाल्यांना हे दाखवा!! पानभर जाहिरात मिळेल.'

मुंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळ सोडलेला असताना गाणं बाहेर ऐकू जात नाही, अशी तिची इतक्या दिवसांची समजूत होती. म्हणजे ही बाई दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. ऐकून शांतपणे ऑफिसला येत होती आणि लिहीत होती.

"अरे, तू खरीच आहेस!" डोक्यावर लोकरी टोपी घातलेला एक जण उठून म्हणाला. तो संपादक होता. घामाने कपाळ चमकत होतं, तरी टोपी काही तो काढत नव्हता. "रोज सकाळी आम्ही हेच विचारतो, मुंगीला हे आवडेल का? मुंगी हे पान उलटेल की थांबेल? तुझ्या आईने मुलाखतीला हे सगळं मांडलं ना, तेव्हाच आम्ही म्हटलं, बस्स, हीच पाहिजे. आजच्या मुलांची इतकी आतली माहिती बाकी कुणाकडेच नव्हती."

मुंगीने आईकडे पाहिलं. आई पांढरीफटक पडली होती.

"मुंगी, मी तुला सांगणारच होते..."

"चष्मा," मुंगी म्हणाली आणि तो टेबलावर ठेवला.

तिने तेव्हाच पाय आपटत निघून जायला हवं होतं. गेली असती तर संध्याकाळी घरी एक मोठं भांडण झालं असतं आणि ते कधी ना कधी मिटलंही असतं. पण टोपीवाल्याने खुर्ची पुढे ओढली. "आलीच आहेस तर पाच मिनिटं बस. आम्ही इथे वाद घालून मरतोय. तूच सांग."

त्याने दोन मुखपृष्ठं तिच्यासमोर ठेवली.

पहिल्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. गडद निळं पान, एका गायिकेच्या चेहऱ्याची फक्त कड, गाण्यापूर्वी श्वास घेताना पकडलेली, आणि कोपऱ्यात लहान पांढरी अक्षरं. मुंगीला ते बघताक्षणी आवडलं. इतकं आवडलं की तिला त्याचाही राग आला. हे कुणी केलंय, कुणासाठी केलंय, हे तिला विचारावं लागलं नाही. दुसऱ्यावर गुलाबी रंगावर पोपटी अक्षरं होती, चेहऱ्यावर चार-पाच भडक गोल चिकटवलेले, आणि सगळीकडे उद्गारचिन्हं.

"हे," मुंगीने गुलाबी मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

"आणि निळं?"

"ते कुणातरी काकूंनी केल्यासारखं वाटतं."

खोलीत हसू फुटलं. जाहिरातींचं काम बघणारी मुलगी तर टेबलावर थाप मारून हसली. आईने नुकताच लावलेला चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला घेतला. त्याला पुसण्यासारखं काही झालेलं नव्हतं.

मग मुंगी थांबलीच नाही. कधी कधी राग असा येतो की त्यात माणसाला मजा वाटू लागते, आणि तोच सगळ्यात वाईट. सहा पानांची मुलाखत? इतकं कोण वाचतं, फोटो मोठे करा आणि खाली दोन ओळी टाका. गाण्यांचे शब्द छापायचं पान? ते शाळेच्या पुस्तकासारखं दिसतंय. नव्या, कुणालाच माहीत नसलेल्या गाणाऱ्यांसाठी राखलेली जागा? जे कुणालाच माहीत नाहीत त्यांचं वाचून मी काय करू? एकेक उत्तर धडधडीत खोटं होतं. लांबच्या लांब मुलाखती ती पांघरुणात फोन धरून वाचायची, गाण्यांचे शब्द वहीत उतरवून ठेवायची. टोपीवाला भराभर लिहून घेत होता. मुंगी बोलत होती आणि आईचं मासिक एकेक पानाने पडत होतं. त्या पानांसाठी आई या खोलीत रोज भांडत असणार, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती नेमकं तिथेच बोट ठेवत होती.

आई चष्माच पुसत राहिली.

त्यानंतर घरात जे काही झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. आईने पहिल्याच संध्याकाळी बोलायला तोंड उघडलं, तर मुंगीने हेडफोन लावले. 'हेही लिही भिंतीवर,' एवढंच ती म्हणाली. जेवण झालं की खोलीचं दार बंद. आंघोळ करताना ती आता गात नव्हती. नळ सोडायची, अंगावर पाणी घ्यायची, कोरड्या गळ्याने बाहेर यायची. आपण गात नाही याचाही आई हिशेब ठेवत असेल, या विचाराने तिचं डोकं आणखीच फिरायचं. स्वतःच्या घरात तिला सारखं कुणीतरी बघतंय असं वाटू लागलं होतं. राग तर होताच, पण रागाच्या खाली लाज होती, आणि ती लाज आईने दिली होती. हे तिला काही केल्या माफ करता येत नव्हतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पहिल्या अंकाची नमुना प्रत पडलेली होती. छापखान्यात जाण्यापूर्वी शेवटची नजर टाकायची म्हणून आईने घरी आणलेली. शेजारी लाल पेन, टोपण न काढलेलं.

मुंगीला बघायचं नव्हतं. तिने बघितलं.

गुलाबी मुखपृष्ठ. पोपटी अक्षरं. मुलाखतीच्या जागी दात दाखवणारा एक गायक आणि खाली दोन ओळी. शब्दांचं पान गेलेलं. नव्या गाणाऱ्यांच्या जागेवर हेडफोनची पानभर जाहिरात. तिने सांगितलेलं सगळं, शब्द न शब्द. रांगोळी फिसकटल्यासारखा तो अंक दिसत होता. हा बाजारात गेला तर कुणीही वाचणार नाही, आणि खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

आई गॅससमोर उभी होती, तिच्याकडे पाठ करून.

"हे भयंकर आहे," मुंगी म्हणाली. कितीतरी दिवसांत ती आपणहून बोललेली पहिलीच गोष्ट.

"हो."

"मग असं केलंस कशाला?"

"तू सांगितलंस."

"मी खोटं बोलत होते!"

"ठाऊक आहे," आई वळली. "पहिल्या उत्तरालाच कळलं. निळं पान बघून तुझा डावा हात मानेवर गेला होता. काही मनापासून आवडलं की जातो."

"हे बघ! हेच! हेच करतेस तू!" मुंगीने टेबलावर हात आपटला. पेन उडून खाली पडलं. "माझा हात कुठे जातो, मी कुठे गाते, बाबांचा फोन आला की मी काय करते! मी काय तुझ्या नोकरीचा कच्चा माल आहे का? घरातलं सगळं नेऊन वेशीवर टांगलंस. आणि तेही कुणासमोर, त्या टोपीवाल्यासमोर!"

"हो," आई म्हणाली. "टांगलं."

"आणि मी खोटं बोलतेय हे कळलं होतं तर तिथेच का नाही सांगितलंस? तोंडात काय होतं तुझ्या? तुझं सगळं काम मी मातीत घालत होते, आणि तू चष्मा पुसत बसलीस!"

आईने गॅस बंद केला.

"जिभेवर आलं होतं. म्हणणार होते, ती चिडून बोलतेय, लक्ष देऊ नका, तिला काय आवडतं ते मला माहीत आहे. आणि मग मागे भिंत होती. तिच्यावर तेच तर लिहिलं होतं मी. तिला काय आवडतं ते मला माहीत आहे. तुझ्यासमोर बसून पुन्हा एकदा तुझ्या वतीने बोलायचं? नाही बोलता आलं. तू खरं सांग नाहीतर खोटं, तोंड तुझं होतं."

इतके दिवस मुंगी एका भिंतीला धडका मारत होती, आणि आता भिंतच बाजूला झाली होती. धडपडल्यासारखं झालं, आणि त्याने ती आणखीच भडकली.

"म्हणजे आता तुझी नोकरी गेली की ती माझ्यामुळे. वा! मला धड चिडूही देऊ नकोस तू."

"तुझ्यामुळे नाही. मुलाखतीला गेले तेव्हा दाखवायला माझ्याकडे नकाशे होते आणि गणिताच्या चौकटी होत्या. समोर बसलेली पोरं घड्याळ बघत होती. मी घाबरले. आणि माझ्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं ते काढून टेबलावर ठेवलं. माझं नव्हतंच ते." आईचा आवाज फाटला, पण ती रडली नाही. "चिड तू. हवं तितकं चिड."

मुंगीने वाकून पेन उचललं. टोपण दाताने काढलं. मुखपृष्ठाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला. पुढचं पान. त्याच्या पुढचं. हेडफोनच्या जाहिरातीवर तर ती पेन घासतच राहिली, बोटं लाल होईपर्यंत.

"त्या टोपीवाल्याला फोन लाव."

"आज रविवार आहे."

"लाव."

आईने फोन लावून तिच्या हातात दिला.

"मी बोलतेय. भिंतीवरची," मुंगी म्हणाली. "त्या दिवशी मी तुम्हाला जे जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. एकूण एक. छापखान्यात काही पाठवू नका. उद्या मी येते आणि खरं काय ते सांगते, पण मला सांगायचं असेल तेवढंच. मी यायच्या आधी ती भिंत रिकामी पाहिजे. चिठ्ठीसकट." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. तिने मध्येच तोडलं. "आणि मुंगी म्हणायचं नाही. माझं नाव लिहून घ्या."

तिने नाव सांगितलं, आडनावासकट, आणि फोन ठेवला. मग आईकडे बघितलं.

"तूसुद्धा नाही."

आईने हो म्हणून मान हलवली. पंख्याच्या वाऱ्याने नमुना प्रतीची पानं फडफडत होती. थोड्या वेळाने आईने टेबलावर दोन ताटं मांडली आणि जेवायला बोलवायला तोंड उघडलं. सवयीचा शब्द ओठांपर्यंत आलेला दिसला. तो तिने गिळला, आणि शाळेत हजेरी घेतात तशी लेकीला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली.

"हजर," असं काहीतरी चिडवण्यासारखं मुंगीच्या तोंडात आलं होतं. पण ती नुसतंच "आले" म्हणाली, आणि समोर येऊन बसली.